उतारावरच्या काळ्या रेघा

२९ सप्टेंबर २०१५ला गूगलच्या होमपेजवर एक डूडल होतं. लालसर मंगळ स्ट्रॉ लावून ग्लासातलं पाणी पितोय. आदल्या दिवशी नासानं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं होतं, की आजच्या मंगळावर द्रवरूप पाणी वाहत असल्याचा पुरावा मिळाला आहे. त्याच आठवड्यात ‘द मार्शियन’ हा सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित होत होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सबमिशनच्या तारखा सोडून दुसरा विषय निघाला, अशा मोजक्या दिवसांपैकी तो एक.

पुढच्या तीन वर्षांत त्या पुराव्याचा बराचसा भाग गळून पडला. त्याचं डूडल झालं नाही. त्यामुळे आजही कुणाशी बोलताना मंगळाचा विषय निघाला, की “तिकडे पाणी वाहतं ना?” हा प्रश्न येतोच.

ही गोष्ट मला पूर्ण सांगायची आहे, आणि ती २०१५मध्ये सुरू होत नाही. गेल्या दीडशे वर्षांत मंगळावर पाणी, किंवा पाण्यावर जगणारं काहीतरी, दिसल्याचे तीन मोठे प्रसंग घडले. तिन्ही वेळा पाहणारी माणसं हुशार होती आणि उपकरणं त्या त्या काळातली उत्तम होती. तिन्ही वेळा जी खूण निर्णायक वाटली, ती मंगळावरची नव्हती, इथलीच होती. पहिल्यांदा डोळ्यातली, दुसऱ्यांदा आपल्या हवेतली आणि तिसऱ्यांदा सॉफ्टवेअरमधली.

डोळा

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. इटलीत मिलानच्या वेधशाळेत जोव्हान्नी स्किआपारेल्ली यांनी त्याचा नकाशा काढला आणि त्यावरच्या बारीक रेषांना ‘कानाली’ म्हटलं. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ चर, ओहोळ असाही होतो आणि खणलेला कालवा असाही. मराठीत ओहोळ म्हटलं की तो आपला आपण वाहतो, कालवा म्हटलं की कुणीतरी तो खणलेला असतो. इंग्रजीत जाताना या शब्दाचा कालवा झाला. सुवेझचा कालवा १८६९मध्ये खुला झाला होता, त्यामुळे अख्खा ग्रह कालव्यांनी जोडणारे इंजिनिअर ही कल्पना त्या काळाला पटणारी होती.

बॉस्टनच्या श्रीमंत घराण्यातले पर्सिव्हल लॉवेल यांना ती सर्वांत जास्त पटली. १८९४मध्ये त्यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावी स्वखर्चानं वेधशाळा उभारली, शेकडो कालवे नकाशावर मांडले आणि १८९५ ते १९०८ या काळात त्यावर तीन पुस्तकं लिहिली. मंगळ कोरडा पडत चालला आहे, तिथले लोक ध्रुवांवरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी विषुववृत्ताकडे नेत आहेत, असा त्यांचा सिद्धांत. दुष्काळी भागातल्या माणसाला तर ही गोष्ट लगेच आपली वाटेल.

शंका घेणारेही होतेच. एडवर्ड मॉन्डर या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञानं १९०३मध्ये ग्रिनिचच्या एका शाळेत प्रयोग केला. मंगळासारखं एक चित्र, ज्यात कालवे नव्हतेच, नुसते ठिपके आणि डाग होते, ते वर्गासमोर लावलं आणि मुलांना बघून काढायला सांगितलं. लांब बसलेल्या बऱ्याच मुलांनी ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या. १९०७मध्ये, डार्विनच्या जोडीनं उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी वयाच्या ८४व्या वर्षी एक छोटं पुस्तक लिहून काढलं: मंगळ इतका थंड आणि त्याची हवा इतकी विरळ आहे, की उघड्या कालव्यातून पाणी नेणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. १९०९मध्ये एऊजेन अँटोनियादी यांनी फ्रान्समधल्या म्यूदोंच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा रेषांच्या जागी वेडेवाकडे तुटक डाग दिसले.

लॉवेल १९१६मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांनी कालवे सोडले नाहीत.

हवा

कालवे गेले तरी हिरवळ राहिली होती. मंगळावरचे काळपट भाग ऋतूनुसार गडद-फिके होतात हे दुर्बिणीतून दिसत होतं, आणि तिथे शेवाळासारखं काहीतरी उगवत असावं, असं १९५०च्या दशकातही अनेक शास्त्रज्ञांना वाटत होतं.

तपासायची पद्धत मात्र आता बदलली होती. डोळ्याच्या जागी स्पेक्ट्रोमीटर आला. त्याचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक पदार्थ प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांब्या गिळतो. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख काढला, की गिळलेल्या जागी खळगे दिसतात. कुठले खळगे आहेत त्यावरून पदार्थ ओळखायचा.

विल्यम सिंटन यांनी १९५६ आणि १९५८मध्ये मंगळाचा इन्फ्रारेड प्रकाश असा तपासला. साधारण ३.४ ते ३.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात त्यांना तीन खळगे सापडले. पृथ्वीवरच्या वनस्पतींमधले कार्बन-हायड्रोजनचे बंध याच भागात प्रकाश गिळतात. निष्कर्ष जवळजवळ हातात होता: मंगळावर वनस्पती.

१९६५मध्ये उलगडा झाला. ज्या दोन खळग्यांवर सगळी भिस्त होती, ते पाण्याच्या वाफेचे होते, पण साध्या पाण्याच्या नाही. ज्या रेणूत एका हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो, त्या पाण्याचे. आणि ती वाफ मंगळावरची नव्हती, दुर्बीण आणि मंगळ यांच्यामध्ये असलेल्या आपल्याच वातावरणातली होती. मंगळाकडे पाहताना मधली आपली हवा दिसली होती. हा खुलासा करणाऱ्या निबंधावर तीन नावं आहेत. त्यातलं एक स्वतः विल्यम सिंटन यांचं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं. त्यानं पाठवलेल्या वीस-बावीस धूसर फोटोंमध्ये चंद्रासारखी विवरं होती. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी निघाला. हा आकडा पुढच्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

पृथ्वीवर समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. मंगळावर सरासरी ६. पाणी द्रवरूपात टिकायला किमान ६.१ मिलिबार लागतात. म्हणजे मंगळ बरोबर उंबरठ्यावर आहे. बहुतेक ठिकाणी बर्फ तापला तर तो वितळत नाही, थेट वाफ होतो, कपाटातल्या डांबराच्या गोळीसारखा. जिथे द्रव शक्य आहे तिथेही शुद्ध पाणी थोडं तापलं की उकळून उडून जाणार. वॉलेस यांचा अंदाज अठ्ठावन्न वर्षांनी खरा ठरला.

१९७१मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागलं आणि त्याला कोरड्या नद्यांची पात्रं दिसली, फाटे फुटलेली, कोट्यवधी वर्षं जुनी. त्यामुळे एकेकाळी तिथे भरपूर पाणी वाहिलं याबद्दल आज वाद नाही. वाद आहे तो आजच्या पाण्याबद्दल.

रेघा

जून २००० मध्ये मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाचे फोटो प्रसिद्ध केले. विवरांच्या उतारांवर पावसाळ्यात मुरमाच्या टेकडीवर पडतात तशा घळी होत्या, आणि त्या ताज्या दिसत होत्या. २००६मध्ये तर दोन घळींत आधीच्या फोटोत नसलेला नवा उजळ गाळ दिसला. पुन्हा पाण्याची चर्चा सुरू झाली. पुढे वर्षानुवर्षं त्याच घळींवर नजर ठेवल्यावर लक्षात आलं, की त्यांच्यात बदल होतात ते मुख्यतः तिथल्या थंडीच्या आसपास, जेव्हा उतारांवर कार्बन डायऑक्साइडचं दव गोठलेलं असतं. पाणी वितळण्याचा तो काळ नाहीच. आज घळींमध्ये जे सरकतं, त्याला गोठलेला कार्बन डायऑक्साइड ढकलतो.

दरम्यान २००६मध्ये मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर मंगळाभोवती पोहोचलं. त्याच्या हायराइज कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवरच्या २५-३० सेंटिमीटरचा. हा कॅमेरा टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठातून चालतो आणि त्याचे प्रमुख होते आल्फ्रेड मॅक्इवन. २०१०मध्ये तिथे पदवीचं शिक्षण घेणारा लुजेंद्र ओझा हा नेपाळी विद्यार्थी एकाच विवराच्या भिंतीचे वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो तुलनेसाठी समोर ठेवून बसला होता. तो मेटल बँडमध्ये गिटार वाजवायचा. शोध घळींमधल्या बदलांचा चालला होता. त्याला दिसल्या वेगळ्याच काळ्या रेघा.

या रेघा अर्धा ते पाच मीटर रुंद होत्या आणि उभ्या उतारांवरच दिसत. वसंत-उन्हाळ्यात त्या खाली वाढत जात, थंडीत फिकट होऊन नाहीशा होत आणि पुढच्या वर्षी त्याच उतारांवर पुन्हा येत. त्या काळात तिथल्या जमिनीचं तापमान उणे २३ ते अधिक २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान असायचं. ऑगस्ट २०११मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला. उन्हाळ्यात येतं, थंडीत जातं, उतारावरून खाली जातं आणि जमीन काळी करतं. खारं पाणी हे उत्तर सुचणं अगदी स्वाभाविक होतं.

खारंच का, तर मीठ गोठणबिंदू खाली नेतं. २००८मध्ये फीनिक्स यानानं मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार शोधले होते. या क्षारांमुळे पाणी उणे ७० अंशांपर्यंतही द्रव राहू शकतं. म्हणजे रेघांमध्ये परक्लोरेट सापडलं तर साखळी पूर्ण.

ते शोधण्यासाठी त्याच यानावर क्रिझम नावाचं स्पेक्ट्रोमीटर होतं. अडचण अशी, की त्याचा एक पिक्सेल साधारण १८ मीटरचा आणि रेघ फार तर पाच मीटरची. त्यामुळे ओझा आणि सहकाऱ्यांनी रेघा सर्वांत रुंद होत्या अशी चार ठिकाणं निवडली आणि एकेका पिक्सेलचे आलेख तपासले. परक्लोरेटच्या क्षारांशी जुळणारे खळगे मिळाले. २८ सप्टेंबर २०१५ला निबंध आला, पत्रकार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी डूडल आलं. निबंधात लिहिलं होतं ‘पाणी धरून ठेवणारे क्षार’. आपल्या फोनवर पोहोचेपर्यंत त्याचं ‘वाहतं पाणी’ झालं होतं.

फिल्टर

पहिला धक्का दिला भूमितीनं. नोव्हेंबर २०१७मध्ये कॉलिन डुंडास आणि सहकाऱ्यांनी दहा ठिकाणच्या १५१ रेघांचे उतार मोजले. बांधकामाच्या साइटवर ट्रकमधून वाळू ओतताना बघितली असेल. ढीग एका ठरावीक कोनापर्यंतच उभा राहतो, आणखी वाळू टाकली की ती घसरते आणि उतार त्या कोनाहून कमी झाला की थांबते. पाण्याचं तसं नसतं. ते जरा सपाटी आली तरी पुढे जातं. मंगळावरच्या रेघा जवळजवळ सगळ्या २८ ते ३५ अंशांच्या उतारावर संपत होत्या, म्हणजे कोरडी वाळू जिथे थांबते तिथे. एकही सपाटीवर पुढे आली नव्हती.

पाणी येणार कुठून हाही प्रश्न होताच. काही रेघा डोंगराच्या धारेजवळून सुरू होतात, तिथे भूजल पोहोचणं अवघड. हवेतून म्हणावं, तर मंगळावरची सगळी वाफ थंड करून जमिनीवर पसरली तर थर होईल १०-२० मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी.

डुंडास अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या फ्लॅगस्टाफ इथल्या केंद्रात काम करतात. लॉवेल यांनी ज्या गावातून कालवे काढले, त्याच गावातून हा कोरडा निकाल आला.

पण परक्लोरेटचं काय? ते तर आलेखात दिसलं होतं. त्याचं उत्तर २०१८मध्ये आलं, आणि मंगळाच्या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा निबंध तोच.

माझं रोजचं काम सेन्सरकडून येणारा डेटा साफ करण्याचं आहे. कुठलाही सेन्सर कधीकधी वेडावाकडा आकडा पाठवतो. तो तसाच पुढे गेला तर डॅशबोर्डवर भलतंच काहीतरी दिसतं. म्हणून मध्ये फिल्टर बसवतात: एकदम उडी मारणारा आकडा काढा, शेजारच्या आकड्यांची सरासरी घ्या, आलेख गुळगुळीत करा. हे सगळं गरजेचं असतं. पण प्रत्येक फिल्टर हा डेटाबद्दलचा एक अंदाज असतो. तो चुकला तर गोंगाट जात नाही, गुळगुळीत होतो. आणि गुळगुळीत गोंगाट हुबेहूब सिग्नलसारखा दिसतो.

कॅलटेकमधल्या एलेन लीस्क आणि सहकाऱ्यांनी क्रिझमच्या डेटात नेमकं हेच दाखवलं. कच्च्या आकड्यांवर प्रक्रिया होताना काही पिक्सेलमध्ये २.१ मायक्रॉनजवळ एक खोटा खळगा तयार होत होता. परक्लोरेटची खूण तिथेच असते. असे पिक्सेल ०.०५ टक्क्यांहूनही कमी होते, पण बहुतेक फोटोंत होते, रेघा असोत वा नसोत. उजेड आणि सावली यांच्या तीव्र कडांवर ते जास्त आढळत. विवरांच्या भिंतींवर अशा कडा भरपूर असतात, आणि रेघाही तिथेच असतात. लाखो पिक्सेलमधून मोजके जुळणारे पिक्सेल शोधायला गेलं, तर नेमके हेच हाती लागणार.

या निबंधाच्या लेखकांमध्ये स्कॉट मर्ची हे नाव आहे. ते क्रिझमचे प्रमुख, आणि २०१५च्या निबंधाचेही सहलेखक. तसंच २०१७च्या निबंधाचं. रेघा जगासमोर आणणाऱ्या २०११च्या निबंधावर मॅक्इवन आणि डुंडास या दोघांचीही नावं होती. त्या कोरड्या आहेत हे सांगणाऱ्या निबंधावरही दोघांची आहेत.

लॉवेल आणि या मंडळींमधला फरक मला इथे दिसतो. लॉवेल कमी हुशार नव्हते, आळशी तर अजिबात नव्हते. पण त्यांचा मंगळ त्यांच्या डोळ्यातून कागदावर उतरायचा आणि मूळ दृश्य त्या क्षणीच संपून जायचं. दुसऱ्या कुणाला ते पुन्हा चालवून पाहता येत नव्हतं. क्रिझमचं प्रक्रिया न केलेलं मापन मात्र सार्वजनिक संग्रहात जपून ठेवलेलं होतं. निष्कर्षापासून उलट पावली, एकेक पायरी मागे जात, चूक शिरली त्या पायरीपर्यंत पोहोचता आलं. कामात स्टोरेजचा खर्च कमी करायचा विषय निघाला, की कच्चा डेटा उडवून फक्त साफ केलेला ठेवू, ही सूचना सगळ्यात आधी येते. मी दर वेळी त्याला विरोध करते, आणि दर वेळी क्रिझमचं उदाहरण देते.

मग उरलं काय?

रेघा उरल्या. त्या खऱ्याच आहेत आणि दरवर्षी येतात. २०१८मध्ये सगळ्या मंगळाला वेढणारं धुळीचं वादळ आलं, ऑपॉर्च्युनिटी रोव्हर ज्यात कायमचं गप्प झालं तेच. त्यानंतर अशा रेघा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिसल्या. उतारांवर धूळ बसते आणि पुन्हा निघून जाते, याच्याशी त्यांचा संबंध आहे याचा हा मोठा दुवा. २०२५मध्ये ॲडोमास व्हॅलंटिनास आणि व्हॅलेंटिन बिकेल यांनी ८६,०००हून अधिक उपग्रह-फोटो मशीन लर्निंगच्या अल्गोरिदममधून काढले आणि उतारांवरच्या सुमारे पाच लाख पट्ट्यांचा नकाशा तयार केला. त्यांचाही कल कोरड्या धुळीकडे आणि वाऱ्याकडे. सगळ्यांना हे पटलेलं नाही. जमिनीखाली क्षार आणि थोडा बर्फ मिळून माती भुसभुशीत करत असतील आणि त्यामुळे उतार सुटत असेल, असं मांडणारेही आहेत.

‘पाणी नाही’ हे उत्तर ऐकायला निराशेचं वाटतं, पण त्याचे परिणाम ठोस आहेत. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार दुसऱ्या ग्रहांवर घातक प्रदूषण टाळणं देशांवर बंधनकारक आहे. मंगळावर जिथे पृथ्वीवरचे जीवाणू तग धरू शकतील, तिथे पूर्ण निर्जंतुक नसलेलं यान नेता येत नाही. रेघा ओल्या असत्या, तर तिथे आपले जंतू सोडण्याचा धोका होता, म्हणून सर्वांत कुतूहलाच्या जागाच सर्वांत वर्ज्य ठरत होत्या. आणि उद्या तिथे जाणारी माणसं पाणी शोधत चुकीच्या उतारावर उतरू नयेत, हेही महत्त्वाचंच.

कारण पाणी आहे. ते बर्फात आहे. फीनिक्सनं २००८मध्ये जमीन काही सेंटिमीटर खरवडली आणि पांढरा बर्फ उघडा पडला. त्याचे काही तुकडे चार दिवसांत वाफ होऊन गेले. २०१८च्या जानेवारीत आणखी एक निबंध आला. मंगळाच्या मध्य अक्षांशांवर आठ ठिकाणी कड्यांमध्ये बर्फाचे जाड थर उघडे पडलेले दिसले होते, काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड. या निबंधाचे पहिले लेखकही कॉलिन डुंडास. काळ्या रेघांमधलं पाणी नाकारल्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनी दुसरीकडचं दाखवलं.

क्रिझम एप्रिल २०२३मध्ये कायमचं बंद करण्यात आलं. त्याचा डेटा अजून उघडा आहे, कच्चाही आणि साफ केलेलाही. घरच्या लॅपटॉपवर उतरवता येतो, पैसे पडत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.